खांदा दुखतोय, पण नक्की कशामुळे? फ्रोझन शोल्डर, मान की अजून काही?

वर्षा_कोरेगाव

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच विचारतेय. माझं वय ५१, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळीच्या आसपास उजवा खांदा दुखायला लागला. पडले नाही, झडले नाही, जड काही उचललं असंही आठवत नाही. आधी वाटलं फराळाच्या कामाने उसण भरली असेल, जाईल चार दिवसांत, पण ते वाढतच गेलं. आता फळ्यावर वरच्या बाजूला लिहिता येत नाही, वेणी घालताना हात मागे जात नाही, ब्लाउजचा हूक तर लेकीकडून लावून घ्यावा लागतो. रात्री त्या कुशीवर वळलं की कळ येऊन जाग येते ती येतेच, मग उशी छातीशी धरून बसून राहते.

आता प्रश्न असा की प्रत्येकजण वेगळंच सांगतंय. शेजारच्या काकू म्हणतात हा फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांद्याचा सांधाच आखडतो, त्यांना झालेला. जाऊबाई म्हणतात मानेचे मणके झिजलेत, वह्या तपासून तपासून होतं ते. शाळेतले एक सर म्हणाले शीर दबलीय, गावातल्या अमक्याकडे जाऊन चोळून घ्या. इथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाच दिवस बरं वाटलं, गोळ्या संपल्या की परत तेच. आता ते म्हणतायत एमआरआय करून टाका. सात हजार सांगितलेत. करायला हरकत नाही, पण त्याआधी मला समजून घ्यायचंय की खांदा दुखण्याची कारणं असतात तरी किती आणि आपलं कुठलं हे ओळखतात कसं? आईला शुगर होती, मला नाही. म्हणजे कधी तपासलेली नाही.

सचिन_डोंबिवली

ताई सरळ एमआरआय करून घ्या, वेळ घालवू नका. आजकाल सगळं त्यात दिसतं. अंदाजपंचे गोळ्या खाण्यापेक्षा एकदाच काय ते कळेल. माझ्या ऑफिसमधल्या एकाचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, फाटलेला एमआरआयमध्येच सापडला.

फिजिओ_नाशिक

वर्षाताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज खांदेच बघते म्हटलं तरी चालेल, त्यामुळे जरा लांब लिहिते, सांभाळून घ्या.

सचिनदादा, एमआरआय वाईट नाही, पण पहिली पायरी ती नव्हे. पन्नाशी-साठीनंतर कितीतरी लोकांच्या खांद्यात टेंडनची थोडीफार फाट एमआरआयवर दिसते आणि त्यांना काडीचंही दुखत नसतं. आधी खांदा हाताने न तपासता फोटो काढला की रिपोर्टमध्ये चार मोठे शब्द येतात, माणूस घाबरतो, आणि दुखण्याचं खरं कारण भलतंच असतं. फोटो कशासाठी काढायचा हे तपासणीतून ठरलं पाहिजे.

तर तपासणी. पहिला प्रश्न मी पेशंटला विचारते तो, कुठे दुखतंय ते हाताने दाखवा. बोलू नका, दाखवा. कोणी एक बोट बरोबर खांद्याच्या वर, गळपट्टीचं हाड जिथे संपतं तिथे ठेवतो. ते बहुतेक वेळा त्या छोट्या सांध्याचं दुखणं, वजनं उचलणाऱ्या पोरांमध्ये किंवा खांद्यावर आपटलेल्या माणसात जास्त. तो हात छातीवरून दुसऱ्या खांद्याकडे नेला की तिथेच दुखतं. कोणी अख्खा तळवा दंडाच्या बाहेरच्या बाजूला ठेवून चोळत दाखवतं, "इथे इथे, दंडात दुखतं". गंमत म्हणजे दंडाला काहीच झालेलं नसतं, मुख्य खांद्याच्या सांध्याचं आणि त्याभोवतीच्या टेंडनचं दुखणं तिथेच जाणवतं. आणि तिसरे लोक मानेपासून सुरू करतात, खवाट्यावरून खाली, दंडातून कोपराच्या पुढे अंगठ्यापर्यंत बोट फिरवतात, मुंग्या येतात म्हणतात. तेव्हा माझं लक्ष मानेकडे जातं.

दुसरी गोष्ट, आणि ताई हीच सगळ्यात महत्त्वाची: हात तुम्ही स्वतः उचलून बघायचा, आणि मग तोच हात अगदी ढिला सोडून दुसऱ्या कोणीतरी हळूच उचलून बघायचा. दोन्ही वेळेला एकाच जागी अडकला, दुसऱ्यानेही पुढे नेता येत नाही, म्हणजे सांधाच आखडलाय. स्वतः उचलता येत नाही पण दुसऱ्याने उचलला तर बऱ्यापैकी वर जातो, म्हणजे सांधा मोकळा आहे, उचलणारं टेंडन दुखावलंय किंवा फाटलंय, किंवा नसेतून ताकद येत नाहीये. एवढ्या एका गोष्टीवर निम्मी वाटणी होते आणि तिला एक रुपया लागत नाही.

तिसरी. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवा, काटकोनात वाकवा, मुठी समोर. आता कोपर न हलवता दोन्ही मनगटं बाहेरच्या बाजूला न्या. चांगला हात जेवढा बाहेर जातो तेवढा दुखरा जातो का? फ्रोझन शोल्डरमध्ये ही हालचाल सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जाते. हात वर न जाणं हे दहा आजारांत होतं, म्हणून त्यावरून काही ठरत नाही.

चौथी, हात बाजूने हळूहळू वर नेताना कुठे दुखतं. साधारण ६० ते १२० अंशांच्या मध्ये कळ येते आणि त्याच्या वर गेलं की कमी होते, असं असेल तर टेंडन हाडाखाली घासतंय किंवा सुजलंय. खांद्याला धरून ठेवणारे चार स्नायू असतात, त्यांच्या टेंडनच्या टोपीला रोटेटर कफ म्हणतात, त्यातलं सगळ्यात वरचं टेंडन याला बळी पडतं. अगदी वर, कानाजवळ पोचताना दुखलं तर परत तो वरचा छोटा सांधा.

रात्री दुखतं यावरून मात्र फार काही कळत नाही. कफ फाटला तरी रात्री दुखतं, फ्रोझनमध्येही दुखतं.

तुम्ही हे दोन-तीन प्रकार घरी करून सांगाल का? आणि शुगर तपासा. त्याबद्दल सविस्तर नंतर लिहिते, आत्ता पेशंट आलाय.

नीलिमा_पुणे

फिजिओताई किती छान समजावलंत. मला डाव्या खांद्याला दीड-दोन वर्षं होतं, मला कोणीच असं हात धरून बघितलं नव्हतं, सगळे टेबलापलीकडून रिपोर्ट वाचायचे.

वर्षाताई, महानारायण तेल कोमट करून लावा, शेक घ्या, बरं वाटतं.

रानवाटा

माझ्या थोरल्या भावाचं सांगतो, कारण त्याचं आणि ताईंचं दुखणं वरून सारखंच दिसंल पण आतून वेगळं निघालं. भाऊ ५८ चा, बारामतीकडं शेती. बांधावरून पाय घसरला आणि पडताना हात टेकला. त्याच दिवसापासून हात खांद्याच्या वर जाईना. एक्सरे काढला, हाड शाबूत. मग सगळे म्हणले उसण भरली, शिरेवर शीर चढली. एका चोळणाऱ्याकडं नेला, त्यानं काखेत पाय देऊन हात ओढला, भाऊ ओरडला नुसता. पंपाचा पट्टा खांद्यावर घेता येईना म्हणून फवारणी पुतण्या करायला लागला.

मग पुण्याला एका डॉक्टरांनी बरोबर हेच केलं जे वर ताईंनी लिहिलंय. भावाचा हात स्वतः धरून वर नेला, गेला की! पूर्ण गेला. मग म्हणले आता मी सोडतो, तुम्ही हळूहळू खाली आणा. सोडला तसा हात धप्पकन खाली पडला, धरवंना. त्यांनी तिथंच सांगितलं टेंडन तुटलंय, मग सोनोग्राफी केली, पूर्ण फाटलेलं दिसलं. म्हणले पडल्यापडल्या आले असते तर शिवायला सोपं गेलं असतं, उशीर झाला की टेंडन मागं ओढलं जातं आणि स्नायूत चरबी भरते. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, हात वर जातो आता पण जोर पहिल्यासारखा नाही.

म्हणून माझं म्हणणं, पडल्यानंतर हात उचलंना झाला असंल तर एक्सरे चांगला आला म्हणून घरी बसू नका आणि ओढून तर अजिबात घेऊ नका.

फिजिओ_नाशिक

रानवाटा दादा, तुमच्या भावाचं उदाहरण मी माझ्या पेशंटना सांगणार. चाळिशीनंतर पडल्यावर हात उचलता येत नाही आणि एक्सरे नॉर्मल, म्हणजे कफ फाटलाय असं धरूनच पुढे जायचं, नाही हे सिद्ध होईपर्यंत. तिथे वेळ घालवायचा नसतो. आणि सोनोग्राफीचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, चांगल्या हाताखाली खांद्याची सोनोग्राफी टेंडनची फाट छान दाखवते आणि एमआरआयपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

नीलिमाताई, तेल जरूर लावा, हलक्या हाताने. शेकानेही स्नायू सैल होतात. पण जोरात रगडून आखडलेला सांधा सुटत नाही, उलट सूज वाढते.

सचिन_डोंबिवली

बरोबर आहे तुमचं, फोटोच्या आधी हात लावून तपासणी व्हायला हवी. पण मग मानेचं कसं ओळखायचं? माझी बायको दिवसभर लॅपटॉपवर, तिचंही उजव्या खवाट्यात दुखतं, मुंग्या येतात. तिला सगळे फ्रोझनच म्हणतायत.

फिजिओ_नाशिक

वहिनींचा खांदा चारी बाजूंनी मोकळा फिरतोय का बघा. फिरत असेल तर फ्रोझन नाही, विषय संपला. मग मान वर करून दुखऱ्या बाजूला वळवली की हातात कळ किंवा मुंग्या उतरतात का ते विचारा, फक्त विचारा हं, जोर देऊन मान दाबू नका. एक खूण मला फार उपयोगी पडते, मानेतली नस दबलेले पेशंट वेटिंगमध्ये हात डोक्यावर ठेवून बसलेले असतात, कारण तसं केलं की नसेवरचा ताण कमी होतो आणि बरं वाटतं. खांद्याचा पेशंट तसं बसूच शकत नाही, त्याचा हात डोक्यावर जाताना जीव जातो. मुंग्या कुठल्या बोटात तेही लिहून ठेवा. अंगठ्याकडे असतील तर मानेतली सहावी नस, मधल्या बोटात सातवी, करंगळीकडे आठवी, ढोबळमानाने असं धरतात. हातातल्या वस्तू सुटायला लागल्या, चालताना तोल जायला लागला किंवा लघवीवरचा ताबा कमी झाला तर मात्र लगेच दाखवायचं.

आणि दोन्ही एकत्र असू शकतं बरं का, मानही आणि खांदाही. पन्नाशीत मानेच्या एक्सरेत झीज कोणाच्याही दिसते, म्हणून तिथे झीज दिसली की सगळं खापर मानेवर फोडायचं नाही.

जुना_जीपी

मी निवृत्त डॉक्टर, सोलापूर जिल्ह्यात चाळीसेक वर्षं प्रॅक्टिस केली. फिजिओताईंनी उत्तम लिहिलं आहे. मी फक्त जे खांद्यात दुखतं पण खांद्याचं नसतं त्याबद्दल लिहितो, कारण जिवावर बेतणारी कारणं तिथे असतात आणि मालिश-शेकात त्यांचाच वेळ जातो.

एक साधी खूणगाठ बांधा. खांदा हलवला, दाबला, त्या कुशीवर झोपलं तरी दुखण्यात काहीच फरक पडत नाही, तर ते दुखणं बहुधा दुसरीकडून आलेलं आहे. डावा खांदा, दंड, जबडा यात चालताना, जिना चढताना, जेवून लगेच फिरायला गेल्यावर दुखतं, भरल्यासारखं, आवळल्यासारखं, आणि थांबलं की पाच-दहा मिनिटांत उतरतं. ते हृदयाचं समजायचं. उजव्या खांद्यातही येऊ शकतं. घाम, धाप, मळमळ सोबत असेल आणि थांबूनही उतरत नसेल तर १०८ ला फोन करायचा, खांद्याला बाम लावत बसायचं नाही. मधुमेहाच्या पेशंटना छातीत फारसं न दुखताही झटका येतो, बायकांमध्येही लक्षणं अशी आडवाटेने येतात, म्हणून जास्त जपायचं.

उजव्या खांद्याच्या टोकाला किंवा खवाट्याखाली दुखतं, तळलेलं खाल्लं की जास्त, सोबत उलटीची भावना, तर पित्ताशयातले खडे बघायचे, पोटाची सोनोग्राफी. हे खांद्यात का येतं असं लोक विचारतात. श्वासपटलाची नस मानेतून निघते, खांद्याच्या त्वचेची नसही मानेच्या त्याच पातळीवरून येते, त्यामुळे पटलाखाली सूज आली की मेंदूला ती खांद्यात वाटते. बाईला पाळी चुकलेली असताना पोटदुखी, चक्कर आणि खांद्याच्या टोकाला कळ असेल तर गर्भ नळीत राहून आत रक्तस्राव झालेला असू शकतो. ही तर तासांची गोष्ट, थेट हॉस्पिटल.

विडी-सिगारेट ओढणारा माणूस, खांदा सतत ठणकतोय, कळ हाताच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत, पंजा बारीक होतोय, एका डोळ्याची पापणी खाली आलीय, तर छातीचा एक्सरे हवाच. फुप्फुसाच्या शेंड्यावरची गाठ अशी खांद्याचं सोंग घेऊन येते. आणि आपल्या देशात टीबी विसरू नका, खांद्याच्या सांध्यात तो क्वचित होतो पण होतो, सांधा हळूहळू आखडतो, भोवतीचा स्नायू झडतो, बारीक ताप, वजन कमी होतं. त्याला फ्रोझन म्हणून व्यायाम देत बसलं की महिने वाया जातात.

सांधा एकाएकी गरम, सुजलेला, सोबत ताप, आणि पेशंटला शुगर असेल तर सांध्यात पू झालेला असू शकतो, त्याच दिवशी दाखवायचं. पन्नाशीपुढच्या माणसाचे दोन्ही खांदे सकाळी तासभर आखडलेले, हात वर करून केस विंचरता येत नाहीत, मांड्याही जड, तर ईएसआर आणि सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करून बघा, तो सांध्याभोवतीच्या सूजेचा एक वेगळा आजार असतो आणि योग्य औषधाने फार लवकर आराम पडतो. फिट येऊन गेल्यावर किंवा विजेचा झटका बसल्यावर हात बाहेर वळत नसेल तर खांदा मागच्या बाजूला निखळलेला असतो, तो साध्या समोरच्या एक्सरेत हुकतो, बाजूचा फोटो मागून घ्यायचा.

वर्षाताईंना यातलं काही असेल असं मला वाटत नाही, पण वजन, ताप, श्वास, चालताना दुखणं याबद्दल त्यांनी एका ओळीत सांगावं.

सचिन_डोंबिवली

डॉक्टर, तुमचं वाचून वडिलांची आठवण झाली. त्यांचं अगदी असंच. डोंबिवली स्टेशनचा पूल चढला की डावा खांदा आणि जबडा दुखायचा, वर पोचून थांबले की बरं. घरी सगळे म्हणायचे लोकलला लटकून लटकून झालंय. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी खांदा हलवून बघितला, काहीच दुखलं नाही, तसा लगेच ईसीजी आणि पुढे पाठवलं. अँजिओग्राफीत दोन ब्लॉक निघाले. आज ठणठणीत आहेत.

वर्षा_कोरेगाव

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, वाचताना डोळे भरून आले खरंच. सांगते. ताप नाही, वजन कमी झालं नाही (उलट वाढलंय), जिना चढताना दुखत नाही, हात हलवला की मात्र दुखतं. पाळी दोन वर्षांपूर्वी गेली.

काल मिस्टरांना तुमचं वाचून दाखवलं आणि त्यांनी हात धरून बघितलं. मी स्वतः कानापर्यंत नेऊ शकत नाही आणि त्यांनाही नेता येत नाही, एका जागी येऊन थांबतोच, पुढे नेला तर खांद्याबरोबर अख्खा खवाटाच वर येतो. कोपर कमरेला लावून बाहेर नेण्याचं केलं तर डावा छान बाहेर जातो आणि उजवा जेमतेम सरळ समोर, बाहेर जातच नाही. मुंग्या नाहीत. मान सगळीकडे वळते.

आणि शुगर केली. उपाशीपोटी १५८ आली, मग त्यांनी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करायला सांगितलं ते ७.९ आलं. म्हणजे मला मधुमेह आहे आणि मला पत्ताच नव्हता. खांद्याचं विचारायला आले आणि हे निघालं, रात्रभर झोप लागली नाही.

फिजिओ_नाशिक

ताई घाबरू नका, उलट वेळेत कळलं. तुम्ही जे वर्णन केलंय ते फ्रोझन शोल्डरचं अगदी नेमकं चित्र आहे, तरी हाडांच्या डॉक्टरांकडून तपासून आणि साधा एक्सरे काढून खात्री करायची, कारण सांध्याचा संधिवात किंवा निखळलेला खांदाही असाच अडकतो. फ्रोझनमध्ये एक्सरे नॉर्मल येतो, तो नॉर्मल येणं हाच त्यातला पुरावा. कधी टेंडनमध्ये चुन्याचा साठा दिसतो, पण तो प्रकार वेगळा, तो एका रात्रीत असह्य ठणकायला लागतो, तुमचं तसं नाही, हळूहळू वाढलेलं आहे. एमआरआयची आत्ता गरज दिसत नाही.

आता शुगरबद्दल राहिलेलं. एरवी लोकसंख्येत १०० मागे २ ते ५ जणांना फ्रोझन शोल्डर होतो असं धरतात, मधुमेह असलेल्यांत तेच १० ते २० वर जातं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती सांध्याभोवतीच्या पिशवीच्या धाग्यांना चिकटते, धागे जाड आणि ताठ होतात. सूज येते, मग पिशवी आकसते. ब्लाउज धुतल्यावर काखेत आटला की हात वर होत नाही, तसं समजा, फक्त इथे कापड आतलं आहे. म्हणूनच दुसऱ्याने उचलूनही हात पुढे जात नाही. चाळीस ते साठ वय, बाई, मधुमेह, तुमचं तिन्ही जुळतंय. थायरॉइडचाही याच्याशी संबंध आहे, तेवढी टीएसएच सोबत करून टाका. प्लॅस्टरमुळे, छातीच्या ऑपरेशननंतर, पक्षाघातानंतर हात बरेच दिवस न हलवल्यानेही होतो.

माझ्याकडे दरवर्षी असे पेशंट येतात ज्यांना मधुमेह आहे हे खांद्यामुळे कळतं. म्हणून मी चाळिशीपुढच्या कोणालाही आपोआप आखडलेला खांदा दिसला की पहिल्याच दिवशी साखर तपासून आणायला सांगते. सगळ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं, कारण खांदा आज ना उद्या सुटतो, पण न कळलेली साखर डोळे आणि किडनी खराब करत राहते.

जुना_जीपी

पूर्ण सहमत. वर्षाताई, ७.९ हे हाताबाहेर गेलेलं नाही, फिजिशियनना दाखवून औषध सुरू करा, डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रोटीन एकदा तपासून घ्या. आणि हाडांच्या डॉक्टरांना मधुमेहाचं आवर्जून सांगा.

वर्षा_कोरेगाव

साताऱ्याला जाऊन आले. एक्सरे नॉर्मल. डॉक्टरांनी हात तस्साच फिरवून बघितला जसा तुम्ही सांगितला होता, आणि फ्रोझन शोल्डरच म्हणाले, अजून दुखण्याचा टप्पा चालू आहे म्हणाले. टीएसएच ठीक आलं. साखरेची गोळी सुरू झालीय. सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्या म्हणतायत, सोबत व्यायाम. जाऊबाई म्हणतात स्टिरॉइड अजिबात घेऊ नको, शुगर वाढेल. घेऊ का? आणि हे किती दिवस चालणार? दुसऱ्या खांद्यालाही होतं का? मला फळ्यावर लिहिल्याशिवाय शिकवताच येत नाही हो, पहिलीची मुलं आहेत.

फिजिओ_नाशिक

एकेक करून सांगते.

इंजेक्शन: सुरुवातीच्या, जास्त दुखणाऱ्या टप्प्यात ते खरोखर उपयोगी पडतं, दुखणं कमी झालं की झोप लागते आणि व्यायाम करता येतो. शुगर काही दिवस वाढते हे जाऊबाईंचं बरोबर आहे, पण ती तात्पुरती, म्हणून घेण्याआधी साखर थोडी आटोक्यात आणायची आणि घेतल्यावर आठवडाभर घरी मोजायची, वाढली तर फिजिशियनना फोन करायचा. घ्यायचं की नाही हे तुमच्या दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवावं, भीतीपोटी नाकारू नका एवढंच.

किती दिवस: खरं सांगायचं तर महिने. आधी दुखतं आणि आखडत जातं, मग दुखणं कमी होतं पण आखडलेलं राहतं, मग हळूहळू सुटतं. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात, मधुमेहात जरा जास्त रेंगाळतं, आणि काहींना शेवटी थोडी हालचाल कमीच राहते. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर महिन्याभरात फरक पडला नाही की लोक डॉक्टर बदलतात, मग चोळणाऱ्याकडे जातात. अगदीच सुटला नाही तर सांध्यात पाणी भरून पिशवी फुगवणं किंवा भूल देऊन सोडवणं असे पुढचे उपाय आहेत, पण ती वेळ बऱ्याच जणांवर येत नाही.

दुसरा खांदा: काहींना पुढच्या काही वर्षांत होतो, मधुमेहात शक्यता जास्त. त्याच खांद्याला परत होणं मात्र फार क्वचित.

व्यायाम: आत्ता दुखण्याचा टप्पा आहे त्यामुळे ताणाताणी नको. डावा हात टेबलावर टेकवून कमरेत वाका, उजवा हात मोकळा लोंबू द्या आणि अंगाच्या झोक्याने पुढे-मागे, मग गोल फिरवा. हा व्यायाम अर्नेस्ट कॉडमन या अमेरिकन सर्जनच्या नावाने ओळखला जातो, फ्रोझन शोल्डर हे नावही त्यांनीच १९३४ मध्ये रूढ केलं. मग उताणं झोपून डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून जमेल तेवढं वर न्यायचं. लाटणं किंवा काठी दोन्ही हातांत धरून, कोपर कमरेशी ठेवून डाव्या हाताने उजव्याला बाहेर ढकलायचं, तुमची तीच हालचाल सगळ्यात अडकलीय म्हणून हा सोडू नका. भिंतीवर बोटांनी वर चढणं सगळे करतात आणि बाहेर वळवण्याचा व्यायाम सगळे विसरतात. आधी दहा मिनिटं शेक, मग व्यायाम, दिवसातून तीन-चारदा थोडा थोडा. व्यायामानंतर दुखणं तासाभरात खाली आलं तर बरोबर झाला, रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी निम्मा करा. बंद करू नका, निम्मा करा.

झोपताना डाव्या कुशीवर, उजवा हात पुढे मऊ उशीवर. उताणं झोपलात तर दंडाखाली घडी घातलेली चादर, म्हणजे कोपर मागे पडत नाही. आणि हात गळ्यात बांधून ठेवायचा नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

नीलिमा_पुणे

वर्षाताई, मलाही असाच झाला होता, दुसऱ्या वर्षी सुटला. समोरून हूक लावायचे ब्लाउज शिवून घ्या, साडीची पिन डाव्या हाताने लावायची सवय होते. मी तेव्हा पाण्याची कळशी, कुकर सगळं खालच्या ओट्यावर आणलं होतं, मांडणीवरचं काही काढायला लागू नये म्हणून.

रानवाटा

ताई, पहिलीच्या पोरांना तसाही वरचा फळा दिसत नाही, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला लिहा. आमच्या गावातल्या बाईंनी भिंतीला खाली काळा पट्टाच रंगवून घेतलाय, पोरं पण त्यावर लिहितात.

वर्षा_कोरेगाव

रानवाटा दादा, हे तर फारच चांगलं सुचवलंत, उद्याच मुख्याध्यापकांशी बोलते. फिजिओताई, तुम्ही सांगितलेला काठीचा व्यायाम आज केला. इंजेक्शन पुढच्या आठवड्यात घ्यायचं ठरलंय, साखर १३० च्या आत आली की. सुधारतंय की नाही हे कळणार कसं? रोज बघितलं तर काहीच फरक वाटत नाही.

फिजिओ_नाशिक

रोज बघूच नका. सातारच्या फिजिओकडे जाल तेव्हा त्यांना बाहेर वळवण्याचा आणि वर उचलण्याचा कोन मोजून तारखेसह कागदावर लिहून द्यायला सांगा. घरी महिन्यातून एकदा, पाठीमागे अंगठा कुठल्या उंचीपर्यंत जातो ते लेकीला बघायला सांगा, आधी खिशापर्यंत, मग कमरेपर्यंत असं. सहा आठवड्यांत रात्रीची झोप सुधारली नाही, किंवा मध्येच ताप आला, खांदा लाल झाला, हाताची ताकद गेली तर महिना पुरा व्हायची वाट न बघता दाखवा. आणि इंजेक्शन झाल्यावर शुगरचे आकडे इथे टाका, जीपी काका बघतीलच.

जुना_जीपी

जरूर टाका. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळचे.